अर्ध्या आण्याचे सर

आमच्या वरच्या मजल्यावर सर भाड्याने राहत होते, तेवढ्या काळात त्यांनी कशालाच धड 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. आई खालून हाक मारायची, "सर, चहा टाकू का?" वरून उत्तर यायचं, "शक्यता दाट आहे." आई बिचारी गोंधळायची. चहा टाकायची, तो गार व्हायचा, आणि सर खाली येऊन तो गार चहा आनंदाने प्यायचे. पहिला महिनाभर आईला वाटलं, माणूस भिडस्त आहे. मग तिला वाटलं, माणूस जरा सटकलेला आहे. हे दुसरं मत तिने शेवटपर्यंत सोडलं नाही, पण चहा टाकणंही सोडलं नाही.

दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची ही गोष्ट. भाईंदरजवळच्या राई गावातलं आमचं जुनं घर पाडून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन मजली बांधलं होतं. शेताचा एक तुकडा बिल्डरकडे गेला होता. गावात सगळ्यांचंच तसं चाललं होतं. वरच्या मजल्यावर आम्हाला एखादं नवराबायकोचं जोडपं हवं होतं. आले हे. पन्नाशीचे, एकटे, मुंबईतल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारे. सामान म्हणजे पुस्तकांची खोकी आणि एक भलंमोठं टेबल. ते टेबल जिन्यात अडकलं. माझ्या चार भावांनी ते तिरकं करून, उभं करून, शिव्या घालून वर नेलं. सर खाली उभे राहून म्हणत होते, "जाईल असं वाटतंय... आता जरा कमी वाटतंय... आता पुन्हा वाटतंय." थोरल्या भावाने ते टेबल त्यांच्या डोक्यात घालायचं तेवढं बाकी ठेवलं.

त्यांना कसलीही बातमी सांगायला जा, ते हात वर करून म्हणायचे, "थांब. आधी तुला किती वाटत होतं?" म्हणजे मी सांगणार, "सर, आज नळाला पाणी आलं नाही." आणि हे विचारणार, "येईल असं आधी किती वाटत होतं?" अहो, माणूस रिकामी बादली घेऊन उभा आहे, त्याला असं विचारतात का? पण त्यांचं म्हणणं असं, की माणसाला आधी काहीतरी वाटत असतंच. मग डोळ्यांपुढे काहीतरी येतं. जे आलं त्याने आधीचं वाटणं सरकवायचं. सगळं फेकूनही द्यायचं नाही आणि जागचं हलायचंच नाही असंही करायचं नाही. या रीतीला बेझियन म्हणतात म्हणे, कुणा जुन्या इंग्रज पाद्र्याच्या नावावरून. सर ती आजारांना लावायचे. घराण्यातून उतरणारा आजार पुढे कुणाकडे जाईल, किती शक्यतेने जाईल, हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास. मी बारावी कॉमर्स, मीरा रोडला दाताच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला बसणारी. मला एवढं कळलं हेच पुष्कळ. पण याच रीतीवर पुढे माझं लग्न येऊन ठेपलं, म्हणून ती नीट सांगून ठेवतेय.

एकदा त्यांची खोलीची चावी हरवली. दुसरा कुणी असता तर शोधली असती. सरांनी खडू घेतला आणि आमच्या घरात जागोजागी खुणा केल्या. पायरीवर इतकी शक्यता, मोरीत इतकी, तुळशीपाशी इतकी. एक जागा शोधून झाली की तिथला आकडा पुसून कमी करायचा आणि बाकीच्यांचा वाढवायचा. धाकट्या भावाने विचारलं, "सर, खिसा बघितला का?" तर म्हणाले, "सगळ्यात आधी. तिथेच जास्त शक्यता होती." "मग?" "मग काय, नव्हती. पण बघितलं आणि दिसली नाही म्हणजे ती तिथे नाहीच असं होत नाही. फक्त शक्यता कमी होते." सगळं घर पालथं घालून झाल्यावर चावी त्याच खिशात निघाली, रुमालाच्या घडीत. आम्ही हसून लोळलो. सर मात्र असे खूश, जणू आम्हीच त्यांचं म्हणणं सिद्ध करून दाखवलं!

मासळी घ्यायला गेले की तीच तऱ्हा. मूळचे शाकाहारी, पण राईत येऊन बोंबलाच्या नादी लागले. टोपलीतला एक बोंबील उचलायचे, वास घ्यायचे, विचारात पडायचे, मग दुसरा उचलायचे. कोळीण एक दिवस ओरडलीच, "ओ मास्तर, येवढ्या येळात तं मानूस बायको पसंत करतंय!" रिक्षावाल्याला विचारायचे, "स्टेशन को कितना टाइम लगेगा? आपको क्या लगता है?" तो म्हणायचा, "साब, बैठना है तो बैठो." मागे पाच रिक्षा हॉर्न मारतायत आणि सर अजून त्याचा अंदाज काढून घेतायत. भाईंदरच्या रस्त्यावर असं वागून माणूस जिवंत राहतो, याचंच मला नवल वाटायचं.

पण खरी गंमत झाली ती त्यांच्या कामाची. ते राईत राहायला आले होते तेच मुळी इथल्या जुन्या घराण्यांसाठी. राई, मुर्धा आणि आसपासच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या आपापसातच सोयरिकी. कोण कुणाची आत्या, कोण कुणाचा मावसभाऊ, घरात कुणाला काय दुखणं होतं, हे सगळं सरांना हवं होतं. मग सुटीच्या दिवशी खांद्याला शबनम, हातात छत्री, आणि स्वारी एकेका ओट्यावर. "आजी, तुमच्या आईचं माहेर कुठलं? तिला भावंडं किती? सगळी निरोगी होती ना?" आता तुम्हीच सांगा, पन्नाशीचा सभ्य माणूस घरोघरी जाऊन कूळ, नाती आणि तब्येत विचारतोय, तर लोक त्याला काय समजणार? सगळ्यांनी त्यांना स्थळं जुळवणारा समजून टाकलं. बायका पोरींचे फोटो आणून द्यायला लागल्या. सर म्हणायचे, "अहो, मी त्यासाठी आलो नाही." त्या म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या, लक्षात असू द्या."

त्यातच एकदा सर मुर्ध्याच्या एका घरी बोलता बोलता हळहळले, "तुमचा आणि राईच्या त्या अमक्या घराचा पाच पिढ्यांत कुठेच संबंध नाही हो!" त्यांना बिचाऱ्यांना अभ्यासासाठी दोन घरं जोडून हवी होती. त्या घराने ऐकलं ते असं, की सरांनी स्थळ सुचवलं. दोन महिन्यांत लग्न! सरांना मांडवात पुढच्या रांगेत बसवून टॉवेल, टोपी, नारळ दिला. घरी येऊन टोपी घालून आरशात बघत म्हणाले, "हे होईल असं मला फार कमी वाटत होतं." पुढच्या वर्षी असंच आणखी एक लग्न लागलं. मग काय, सरांचा भाव वधारला.

अशा माणसाच्या पायाखालच्या मजल्यावर मी राहत होते, आणि येईल ते स्थळ नाकारत होते.

एकाचं नाक वाकडं, एक मस्कतला नोकरीला, एकाची आई फार बोलते. काहीही कारण काढायचे. घरच्यांना वाटायचं, पोरगी शेफारलीय, मीरा रोडला जाते ना! खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझा मामा सोळा-सतरा वर्षांचा असताना गेला. लहानपणी धावायचा, मग जिना चढताना पडायला लागला, मग जमिनीवरून उठता येईना, मग अंथरूण. आजीचा भाऊ असाच गेला होता, तिच्या डोळ्यांदेखत. मी दहा वर्षांची असेन, तेव्हा आजीने एकदा माझे केस विंचरता विंचरता सांगितलं, "ह्यो आजार बाया आनतान नि पोरं भोगतान. तुज्यात बी हाय तो." तिने वाईट मनाने सांगितलं नव्हतं. ती दोघांना पोचवून बसलेली बाई. पण मी ते गिळलं आणि ते आतच राहिलं. कुठल्या घरात जाऊन मी एका लहान मुलाला असं झिजताना बघणार होते? त्यापेक्षा वाकडं नाक परवडलं.

मग मुर्ध्याच्या दिनेशचं स्थळ आलं. आता दिनेशचं नाक सरळ होतं, नोकरी भाईंदरातच होती, आणि त्याची आई मोजकंच बोलायची. शिवाय तो मला आवडत होता, हे मी आता सांगायला हरकत नाही. दात दाखवायला आमच्या दवाखान्यात तीनदा आला होता, आणि त्याच्या दाताला काहीच झालेलं नव्हतं. माझी चांगलीच पंचाईत झाली. त्यात दिनेशच्या वडिलांच्या कानावर मामाची गोष्ट गेली. त्यांनी निरोप पाठवला, "रविवारी येतो. तुमच्याकडले ते सर असू द्या. ते सांगतील तसं करू."

शनिवारी आबा वर गेले. मी जिन्यात उभी राहून ऐकलं. आबा गयावया करत होते, "सर, तुम्ही फक्त एक शब्द बोला. 'न्हाय' म्हना. पोरीत आजार न्हाय. लई उपकार व्हतील." मग सर म्हणाले, "आबा, मागाल ते करतो हो. तेवढं एक मला येत नाही." आबा खाली आले ते सरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

रविवारी सकाळी मंडळी आली. दिनेश, त्याचे आईवडील, एक काका. दिनेशचे वडील तरुणपणी मिठागरावर होते, आता दोन टेम्पो चालवत होते. करडा, सरळ माणूस. पोह्यांना हात न लावता त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही शिकलेली मानसं. ह्या पोरीत तो आजार हाय का न्हाय? येवढंच सांगा."

सर म्हणाले, "आधी तुम्हाला किती वाटतंय ते सांगा."

मी आतून कपाळावर हात मारला. पण दिनेशचे वडील चिडले नाहीत. "म्हंजे कसं?"

"रुपयातले किती आणे, तसं सांगा. हिच्या आईत तो दोष असेल, असं किती आणे वाटतं?"

म्हातारा विचारात पडला. "तिच्या आईच्या पोटातनं आलेला हाय म्हनता. मंग एक तं आला, न्हाय तं न्हाय. आठ आने."

सर खुर्चीतून उठलेच. "वा! अगदी बरोबर! आठ आणे. इथपर्यंत मीही तुमच्याबरोबर आहे. पण तुम्ही सगळे आजारी माणसं मोजताय. धडधाकट माणसं कुणी मोजतच नाही! हिचे भाऊ कुठे आहेत? बोलवा त्यांना."

माझे चार भाऊ! थोरला लोळत होता, दुसरा बाईक धूत होता, तिसरा आरशापुढे होता आणि धाकटा मैदानात बॅटिंग सोडून यायला तयार नव्हता. चौघांना धरून आणलं आणि भिंतीशी रांगेत उभं केलं. सर म्हणाले, "जमिनीवर मांडी घाला. आता हात न टेकता उठा." चार दांडगे पुरुष सोयऱ्यांच्या देखत उठाबशा काढताहेत आणि सर वाकून त्यांच्या मांड्या न्याहाळताहेत! तिसऱ्याच्या पँटची शिवण उसवली. दिनेशच्या आईने पदर तोंडाला लावला.

"बघा," सर म्हणाले. "हिच्या आईत दोष असता, तर प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं उडवल्यासारखं झालं असतं. छापा पडला तर मुलगा वाचला, काटा पडला तर गेला. एकदा छापा पडला, तर तुम्ही म्हणाल नशीब. दुसऱ्यांदा पडला, तरी म्हणाल नशीब. तिसऱ्यांदा?"

"मंग जरा संशय येल," म्हातारा म्हणाला.

"आणि चौथ्यांदाही छापाच?"

"मंग त्या नान्याला काटाच नसल."

"असं वाटायला लागेल, बरोबर? तेच मी म्हणतोय. या चार भावांनी आईचे आठ आणे एक आण्यावर आणले. त्याहूनही किंचित कमीच. आणि आईकडून मुलीकडे यायची शक्यता त्यातली निम्मी. अर्धा आणा."

माझे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. घरात कधी काडी इकडची तिकडे न केलेले, पहिल्यांदाच नुसते उभे राहून उपयोगी पडले होते. थोरल्याने छातीसुद्धा पुढे काढली.

"आनि तो अर्धा आना?" दिनेशच्या वडिलांनी विचारलं.

आबा माझ्याकडे पाठ करून उभे होते, पण त्यांच्या मानेवरून मला कळलं, की ते देवाचा धावा करताहेत.

"तो राहणार," सर म्हणाले. "मामा असता तर त्याचं रक्त तपासून काही पक्कं सांगता आलं असतं. आता नाही. तो अर्धा आणा घालवायचं साधन माझ्याकडे नाही."

म्हाताऱ्याने पोह्यांची बशी ओढली आणि खायला लागला. "अर्ध्या आन्याची भीती तं मला रोज टेम्पो रस्त्यावर काढताना हाय," तो म्हणाला. "आमच्याकडनं पक्कं."

काय सुटका झाली घरात! आईने डोळे पुसले, काका साखर मागायला लागले, आबांनी तर सरांना मिठीच मारली. आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले, "मला नाही करायचं लग्न."

मग एकच गोंधळ. आई म्हणाली, "हिला झालंय तरी काय!" आबा म्हणाले, "आता काय नाक सरळ हाय म्हनून नको?" थोरला खवळला, "अगं, मग आमच्याकडून उठाबशा कशाला काढून घेतल्या?" दिनेश खाली बघत राहिला, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं.

सरांनी वर्गात करतात तसा हात वर केला. "एक मिनिट. एक मिनिट थांबा सगळे. चूक माझी झाली. मी यांना विचारलं, हिला विचारलंच नाही." ते माझ्याजवळ आले. "तुला किती वाटत होतं?"

"सोळा," मी म्हणाले.

मी मग आजीचं सगळं सांगून टाकलं. केस विंचरताना काय म्हणाली ते, आणि सगळी वाकडी नाकं आणि बोलक्या आया खोट्या होत्या तेही. मला वाटलं, सर आता काहीतरी गोड बोलतील. ते चक्क चिडले. त्यांना चिडलेलं मी तेव्हाच काय ते पाहिलं.

"सोळा चालत नाही!" ते म्हणाले. "पंधरा सांग, साडेपंधरा सांग. सोळा म्हटलंस की संपलं. मग तुला चार भाऊ असोत की चाळीस, काही म्हणजे काही हलत नाही. माझी सगळी विद्या तिथे फुकट. हे चौघं तिथे घाम गाळून उभे आहेत, ते फुकट. तुझी आजी मोठी दुःखी बाई होती, पण तिलाही चुकायची थोडी मुभा दे. एक आणा सोड, बाळ. माझ्यासाठी एकच आणा सोड. पुढचं तुझे भाऊ बघतील."

मी भावांकडे पाहिलं. चौघं अजून भिंतीशी रांगेतच उभे होते, कुणी त्यांना बसा म्हणालंच नव्हतं. तिसऱ्याने उसवलेली पँट मागून मुठीत धरली होती. त्यांचे ते दणकट, केसाळ, निरोगी पाय मी जन्मभर बघत आले होते आणि एकदाही पाहिले नव्हते. मला रडू फुटलं. इतकी वर्षं मी घरात एकटीच ते ओझं घेऊन हिंडत होते, आणि चार माणसं त्याविरुद्ध रोज माझ्या डोळ्यांपुढे जिन्यावरून धाडधाड उतरत होती.

"पंधरा," मी म्हणाले.

"शाब्बास," सर म्हणाले. "आता लग्न कर किंवा करू नकोस. पण आता तुला ते ठरवता येईल."

मी तोंड धुतलं, चप्पल घातली आणि सगळ्यांसमोर दिनेशला म्हणाले, "चल, खाडीपर्यंत जाऊन येऊ. मला तुझ्याशी बोलायचंय." काका म्हणाले, लग्नाआधी हे बरं दिसत नाही. आबांनी तोंड उघडलं, मग मिटलं. दिनेश उठला आणि माझ्या आधी दाराबाहेर होता.

आम्ही लग्न केलं. सर वर्षभराने गेले, दुसऱ्या कुठल्या गावातल्या दुसऱ्या घराण्यांकडे. ते टेबल भावांनीच खाली उतरवलं, शिव्या घालतच, पण थोरल्याचे डोळे ओले होते. आम्हाला मुलगी झाली. ती दहा वर्षांची झाली, तेव्हा एकदा तिचे केस विंचरताना मी ठरवून तिला सगळं सांगितलं. तिच्या पणजीच्या भावाचं, माझ्या मामाचं, आणि जिन्यावरून धाडधाड उतरणाऱ्या चार मामांचंही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग माझ्यात असेल का?"

"थोडीशी शक्यता आहे," मी म्हणाले. "अगदी थोडी. पाव आणा."

ती आरशातून माझ्याकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "आणा म्हणजे काय?"